परदेशातील डॉक्टरेट : करार, कर्ज आणि परतीची भाषा

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. आता तो विचारला जातो. शिक्षकांच्या खोलीत त्याची दोन ठरीव उत्तरे मिळतात. पहिले उत्तर अभिमानाचे असते : संधी आली तर सोडू नये, जग पाहावे. दुसरे उत्तर उपहासाचे असते : मराठीवर संशोधन करायला सातासमुद्रापार कशाला जायचे? दोन्ही उत्तरे जाणाऱ्या एकट्या माणसाकडे पाहून दिलेली असतात. मराठी माणसांनी हा निर्णय गेली शंभराहून अधिक वर्षे कसा घेतला, त्यासाठी पैसा कोणी दिला, अटी कोणी घातल्या, मागे कोण राहिले आणि मिळवलेले ज्ञान कोणत्या भाषेत परत आले, हे पाहिले तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते असे आम्हांला वाटते.

आम्ही ज्या परिसरातून हे लिहीत आहोत, त्याची ओळख आधी करून देणे इष्ट होईल. सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की केगावला विद्यापीठ लागते. २००४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळीची एमआयडीसी येते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून ज्या कापडगिरण्यांनी सोलापूरला पोसले त्या एकामागून एक बंद पडल्या, आणि या भागातील तरुणांची नजर शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतींकडे वळली. चिंचोळीत रसायने, औषधांसाठी लागणारी द्रव्ये, यंत्रांचे आणि वाहनांचे सुटे भाग यांचे कारखाने आहेत. रसायनशास्त्राच्या पदवीधराला तेथील प्रयोगशाळेत जागा मिळण्याची आशा असते, मराठीच्या एम.ए.ला नसते. तरीही मराठीच्या उच्च शिक्षणाचा आणि चिंचोळीचा संबंध आहे, आणि तो घराघरातून आहे. थोरला भाऊ रात्रपाळीला जातो म्हणून धाकटी बहीण नेट-सेटचा अभ्यास करू शकते. बापाचा कंत्राटी पगार हीच मुलाची पहिली अधिछात्रवृत्ती असते. अशा घरात परदेशी डॉक्टरेटचा प्रश्न येतो तेव्हा तो ‘मी जाऊ का?’ एवढाच नसतो. ‘पाच वर्षे घर कोण ओढील?’ हा त्याचा दुसरा आणि अधिक जड भाग असतो.

हा दुसरा भाग नवा नाही. तो इतिहासातही होता, पण चरित्रलेखनाच्या आपल्या पद्धतीमुळे झाकला गेला. चरित्रकार निर्णयाला निर्धाराचे रूप देतो. महापुरुषाने संकल्प केला, बोट किनाऱ्यावरून सुटली आणि पदवी घेऊन तो परतला, अशी कथा तयार होते. तपशील पाहिले तर ही कथा बरीच वेगळी दिसते.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेला गेले आणि त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. जातिसंस्थेचा इतिहास मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृती हा त्याचा मुख्य आधार होता. १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. हिंदुस्थानातील धर्मशास्त्राचा ग्रंथ न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा विद्यापीठनगरीत बसून अभ्यासण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. त्याचे उत्तर केतकरांच्या पुस्तकाच्या पुढील प्रवासात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिझ्ली आणि केतकर या चौघांच्या व्याख्या तपासल्या, त्यांपैकी केतकरांचे विवेचन विशेष मोलाचे मानले आणि त्यातील उणीवही दाखवली. जातीविषयीचा एक महत्त्वाचा वाद अशा रीतीने दोन मराठी माणसांमध्ये, इंग्रजीतून, अमेरिकेच्या भूमीवर झाला. एक ब्राह्मण, दुसरा महार. त्या काळच्या पुण्यात किंवा सोलापुरात हे दोघे एका चर्चासत्राच्या टेबलाशी समान अधिकाराने बसू शकले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परदेशाने त्यांना ग्रंथालय आणि पद्धती तर दिलीच, त्याखेरीज अशी समान पातळीवरची बैठकही दिली.

आंबेडकरांच्या बाबतीत ही बैठक मिळण्यापूर्वी एक करार झाला होता. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले आणि १९१३च्या आरंभी बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. लगेच फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले. त्यानंतर सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याच्या अटीवर. जून १९१३ मध्ये त्यांनी त्या करारावर सही केली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध सादर केला, आणि त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके आणि सामान महायुद्धात बोटीबरोबर बुडाले. कराराप्रमाणे ते बडोद्याला गेले, पण कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी खाणावळीतून त्यांना बाहेर काढले गेले. कराराने माणसाला परत आणले, पण त्याला सामावून घेईल असा समाज करारात लिहिता येत नव्हता.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. निर्णय एकदाच घेतला जातो हा समज आंबेडकरांचे चरित्र खोटा पाडते. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार नियमित होता, संसार उभा राहू शकत होता. १९२० साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुन्हा लंडन गाठले. या खेपेस स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. जाण्यापूर्वी जेमतेम सहा महिने आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता. त्यांच्या अनुपस्थितीत ते पत्र रखडत गेले आणि १९२३ साली बंद पडले. मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई ओढग्रस्तीत संसार चालवीत होत्या. लंडनमध्ये १९२१ साली एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, परीक्षकांनी फेरफार सुचवले, पैसे संपत आल्याने आंबेडकर १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध त्यांनी येथूनच पाठवला. त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून दिल्यावरच मिळणार होती. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये पदरात पडली. न्यूयॉर्कच्या बोटीत पाय ठेवल्यापासून या पदवीपर्यंत चौदा वर्षे गेली. या चौदा वर्षांचा खर्च पौंडांत मोजला तर तो अपुरा ठरतो. एका वृत्तपत्राचे आयुष्य आणि एका स्त्रीची उमेद त्यात धरावी लागते.

इरावती कर्वे यांचा निर्णय निराळ्या घरात झाला. १९२८ साली मुंबई विद्यापीठातून गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. पूर्ण करून त्या त्याच वर्षी बर्लिनला गेल्या. पती दिनकर धोंडो कर्वे यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती आणि पत्नीने जावे असा त्यांचाच आग्रह होता. विरोध होता तो सासऱ्यांचा. स्त्रीशिक्षणासाठी उभे आयुष्य वेचलेल्या धोंडो केशव कर्व्यांना सुनेने परदेशी जाऊन शिकणे मान्य नव्हते. त्यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे आम्हांला वाटत नाही. सुधारकाच्या घरातही निर्णयाची एक सीमारेषा असते, एवढेच यावरून दिसते. पैसा जीवराज मेहता यांनी कर्जाऊ दिला. बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी मानवी कवट्यांच्या असमरूपतेवर काम केले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. शिष्येने मोजमापे घेऊन दाखवून दिले की कवटीच्या असमरूपतेचा वंशाशी संबंध जुळत नाही. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. ज्या संस्थेत शिकायचे तिच्या गृहीतकांविरुद्ध निष्कर्ष काढण्याचे धैर्य, हे त्या डॉक्टरेटचे सर्वांत मोठे फळ होते. पुढे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी काम केले, नातेसंबंधांच्या रचनेवरील इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि १९६७ साली ‘युगान्त’ मराठीत दिले. महाभारतातील माणसांकडे मानववंशशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारे हे पुस्तक आज आमचे विद्यार्थी वाङ्मय म्हणून वाचतात. बर्लिनची शिस्त त्यात कोठे मुरली आहे, हे त्यांना सांगणे आमचे काम आहे.

केतकर, आंबेडकर आणि कर्वे यांच्या या हकिकती एकत्र ठेवल्या की एक समान गोष्ट हाती येते. तिघांच्याही डॉक्टरेटचे मोल परतल्यावर ठरले. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भागभांडवल जमवले आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठी वाचकाच्या हाती दिले. कॉर्नेलचा विद्वान गावोगाव भाग विकायला निघतो, हे दृश्य आजच्या प्राध्यापकवर्गाने मनात ठेवावे असे आहे. आंबेडकरांनी १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि या सभेने १९२५ च्या जानेवारीत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह काढले ते आमच्या सोलापुरात. लंडनची डी.एस्सी. हाती आल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने सोलापूरच्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना राहायला जागा झाली. परदेशी डॉक्टरेटचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला या जिल्ह्यात याहून जवळचा पुरावा देता येणार नाही.

आता उपहासाच्या उत्तराकडे वळू. मराठीवर संशोधन करायला परदेशी कशाला, या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. रा. चिं. ढेरे पुण्यातच राहिले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा त्यांचा १९८४ सालचा ग्रंथ पंढरपूरच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या, दैवतावरचा आहे, आणि तो लिहायला त्यांना कोणत्याही परदेशी विद्यापीठाची गरज पडली नाही. उलट अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. हाइडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा-खंडोबांच्या जत्रा अभ्यासायला महाराष्ट्राच्या माळरानांवर हिंडले. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर काम करून पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्या फलटणलाच स्थायिक झाल्या. सामग्री येथे आहे, हे यातून स्पष्ट आहे. परंतु विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनहून १९१४ साली डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२५ पासून त्यांनी भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली, तेव्हा पाठचिकित्सेची काटेकोर पद्धती त्यांच्याबरोबर आली होती. अशोक केळकरांनी १९५८ साली कॉर्नेलमध्ये प्रबंध लिहिला तो मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर. ती पद्धती तेथे घडत होती. परतल्यावर त्यांनी भाषाविचार आणि समीक्षा मराठीतून लिहिली. सामग्री आणि पद्धती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला जी कमी पडते तिच्यासाठी त्याने प्रवास करावा. ढेऱ्यांना जावे लागले नाही, केळकरांना जावे लागले. दोघांनाही त्याबद्दल दोष देता येत नाही.

हे सांगण्याची निकड एका नियमामुळे आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या तिच्या नियमावलीत असे कलम आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. त्यामागचे कारण आमच्या शिक्षकखोलीतल्या उपहासासारखेच होते : हे विषय शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. हा नियम शंभर वर्षे मागे नेऊन पाहावा. केतकरांचा मनुस्मृतीवरील प्रबंध त्यात बसत नाही. आंबेडकरांचा जातींवरील निबंध बसत नाही, आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधालाही उत्तरे द्यावी लागली असती. या तिघांपैकी निर्वेध सुटतात त्या एकट्या इरावतीबाई, कारण त्यांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या.

सोलापुरात या नियमाला विशेष धार आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात डांबले होते, त्यांची मोठी सेटलमेंट या शहरात होती. १९५२ साली या जमाती विमुक्त झाल्या. वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी अजून सेटलमेंटच आहे. त्या कुंपणातल्या माणसाचा नातू आज एम.ए. होतो आणि आपल्या आजोबांच्या हजेरीपटाचा, त्यांच्या बोलीचा, त्यांच्या गाण्यांचा अभ्यास करू इच्छितो. ज्या राजवटीने तो कायदा केला तिची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मोठ्या प्रमाणावर आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जदारांत त्याचा वर्ग मोजला जातो, पण त्याचा विषय मोजला जात नाही. पैसा असलेल्याच्या मुलाला हे बंधन नाही. तो कोणताही विषय घेऊन जाऊ शकतो. ज्यांच्याकडे स्वतःचा इतिहास लिहिण्याचे सर्वाधिक कारण आहे, नेमक्या त्यांच्यासाठीच विषय आधी ठरवून दिला गेला आहे. बडोद्याच्या कराराने आंबेडकरांची दहा वर्षे मागितली होती. हा नियम विद्यार्थ्याला त्याचा प्रश्नच घरी ठेवून जायला सांगतो. आमच्या मते दोहोंपैकी दुसरी अट जास्त कठोर आहे.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत पीएच.डी.ची वयोमर्यादा चाळीस वर्षांची आहे. आम्ही सर्वांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यामुळे या प्रश्नात आमचा स्वतःचा काही स्वार्थ उरलेला नाही, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांशी तो मोकळेपणाने बोलता येतो. नोकरीच्या शिक्क्यासाठी जाऊ नये, हे आम्ही प्रथम सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेंत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. सहायक प्राध्यापकपदासाठी ग्राह्य धरली हे खरे. परंतु १ जुलै २०२३ पासून या पदासाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता पुरेशी आहे. आणि पदवी कोणतीही असली तरी जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर दिवस काढावे लागतात, हे आमच्या सहकाऱ्यांकडे पाहून कोणालाही कळते. शिक्का येथेही मिळतो आणि रांगही येथेच लागते.

त्यानंतर आम्ही हिशोब मांडायला सांगतो. अमेरिकेत बहुधा शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते, त्याबदल्यात पदवीच्या वर्गांना शिकवावे लागते आणि पाच-सहा वर्षे सहज जातात. ब्रिटनमध्ये काळ कमी, पण पैसा मिळणे अवघड. जो मार्गदर्शक मराठी वाचू शकत नाही त्याच्या हाताखाली मराठीवर काम करताना निम्मा वेळ अनुवादात जातो, हेही त्या हिशोबात धरावे. मग घरचा कागद काढावा. चिंचोळीला पाळीवर जाणाऱ्या भावाचे लग्न या पाच वर्षांत येते का, आईचे औषधपाणी कोण पाहील, बहिणीचे शिक्षण थांबेल का, हे त्या कागदावर त्यांच्यासमोर बसून लिहावे. आंबेडकरांच्या आणि कर्व्यांच्या काळी हा कागद बहुतेक वेळा लिहिलाच गेला नाही. जे मागे राहिले त्यांनी तो न बोलता भरला. आज तो उघड मांडता येतो. घरच्यांनी समजून दिलेली संमती ही कोणत्याही जामीनपत्रापेक्षा मोठी असते, आणि त्यांनी समजून दिलेला नकारही ऐकण्याजोगा असतो.

एवढे करूनही विषय खुणावत असेल, येथे नसलेली पद्धती किंवा कागद तिथे असतील, तर जावे. संकोच करू नये आणि कोणाच्या उपहासाला भिऊ नये. परतण्याची सक्तीही आम्ही घालणार नाही. बडोद्याच्या कराराने काय साधले ते आपण पाहिले आहे. ज्ञान मात्र परतले पाहिजे. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल, त्याला इलाज नाही. तो संपल्यावर त्यातले सार मराठीत लिहावे, आणि ते असे लिहावे की रात्रपाळी करून आलेल्या भावाला त्याची दहा पाने वाचता येतील. त्या पाच वर्षांचा काही भाग त्याने दिलेला असतो, आणि त्याचा हिशोब त्याला त्याच्याच भाषेत मिळाला पाहिजे.